दुसऱ्या खुर्चीवरचे रणपिसे

मध्यंतरी एका वर्तमानपत्राच्या रविवार पुरवणीत पुण्यातल्या जुन्या डान्स बँडवर पानभर मजकूर आला. खराडीच्या आयटी कंपन्यांतली मुलंमुली जुन्या स्विंगवर, म्हणजे जाझच्या नाचाच्या चालींवर, नाचायला कशी शिकतात, त्यासाठी बँड कसा उभा करतात, असं सगळं त्यात होतं. जुन्या बँडचा पहिला सॅक्सोफोनवाला डेरिक मेनेझिस याच्यावर वेगळी चौकट होती. ती असायलाच हवी होती, माझी त्याबद्दल तक्रार नाही. पण मनोहर रणपिसे हे नाव पानभरात कुठेही नव्हतं. एका जुन्या फोटोत डेरिकच्या शेजारी काळ्या कोटातलं एक कोपर दिसतं आणि सॅक्सोफोनचा खालचा वळलेला भाग दिसतो. ते रणपिसे.

मी शोध घेऊन लिहिणाऱ्या बाईंना फोन केला. त्या म्हणाल्या, "सर, ते काय वाजवायचे?"

"सेकंड आल्टो."

"अच्छा, म्हणजे लीड नव्हते."

मी फोन ठेवला. म्हणजे आधी जे बोलायचं होतं ते बोललो आणि मग ठेवला. आता डेरिकही नाही आणि त्याच्यामागून काही महिन्यांत रणपिसेही गेले. दोघांपैकी कोणाला विचारण्याची सोय राहिली नाही. म्हणून मी लिहितो आहे.

माझा धंदा साउंड सिस्टिम भाड्याने देण्याचा. भंडाऱ्याहून आलो तेव्हा मंडईत पोती उचलली, मग एकाच्या लाउडस्पीकरच्या दुकानात वायरी गुंडाळल्या. आज नारायण पेठेत स्वतःचं दुकान आहे, दोन टेम्पो आहेत. मला संगीतातलं कळत नाही. आवाजातलं कळतं, आणि भाव कळतो. या दोन गोष्टींवर माणूस पुण्यात उभा राहू शकतो, फक्त आवाज थोडा चढा ठेवावा लागतो.

कॅम्पातल्या एका क्लबात महिन्यातल्या एका शनिवारी संध्याकाळी डान्स असायचा. मी पहिल्यांदा माझे माइक घेऊन गेलो तेव्हा स्टेजवर दोन सॅक्सोफोनवाले शेजारी शेजारी बसले होते. मी दोघांसमोर एकेक माइक लावला. दुसऱ्या खुर्चीवरचा उंच, काटकुळा माणूस उठला, आपल्यासमोरचा माइक उचलून हातभर मागे ठेवला आणि बसला. मी तो पुढे आणला. त्याने पुन्हा मागे नेला.

"अहो काका, माइक तुमच्यासाठी नाही. ऐकणाऱ्यांसाठी आहे."

"म्हणूनच मागे ठेवतोय."

"तुमचा आवाज यायचा नाही."

"यायला नकोच. मी थांबलो तर लोकांना कळलं पाहिजे. वाजवतोय हे कळायचं कारण नाही."

मी तापलो. माझ्या सामानाला असं कोणी हात लावलेला मला चालत नाही. तेवढ्यात पहिल्या खुर्चीवरचा गोरटेला, टाय विसरून आलेला माणूस हसून म्हणाला, "साउंडवाले, मॅनीशी वाद घालू नकोस. फुकट दमशील."

तो डेरिक. मनोहरचा मॅनी त्यानेच केला होता. बोपोडीत घरी ते तात्या होते, खडकीच्या कारखान्यात रणपिसे होते, आणि शनिवारी संध्याकाळी काळा कोट चढवला की मॅनी. डेरिकने हसत मान पुढे केली आणि रणपिशांनी खिशातून दुसरा टाय काढून त्याच्या गळ्यात बांधला. त्यांच्या खिशात नेहमी दोन टाय असत. डेरिक आपला कधीच आणत नसे.

आल्टो हा सॅक्सोफोनचाच एक प्रकार; त्यात दुसरा आल्टो म्हणजे काय ते मला पुढे समजलं. पहिला आल्टो गाणं वाजवतो. दुसरा त्याच वेळी थोडे खालचे सूर लावून त्या गाण्याला टेकू देतो. त्यामुळे पहिल्याचा आवाज भरदार वाटतो, आणि तो भरदारपणा पहिल्याचाच आहे असं सगळ्यांना वाटतं. शिवाय पहिला जिथे श्वास घेतो तिथे दुसऱ्याने घ्यायचा नसतो. दोघांनी एकदम घेतला तर गाण्याला भोक पडतं. म्हणून रणपिसे सतत डेरिकच्या खांद्याकडे बघत असत. खांदा किंचित वर झाला की हे दम धरून राहायचे. इतकी वर्षं एका माणसाच्या श्वासाकडे लक्ष ठेवून जगलेला दुसरा माणूस मी पाहिलेला नाही. नवराबायकोत तर नाहीच.

पण म्हणून त्यांना कोणी नम्र समजू नये. रणपिसे गर्विष्ठ होते. "पहिला कोणीही वाजवतो," ते म्हणत, "लोक गाणं ओळखतात, टाळ्या मिळतात, चूक झाली तर लोक मनातल्या मनात दुरुस्त करून घेतात. दुसऱ्याला तशी माफी नाही." कोणी नवखा सॅक्सोफोनवाला भेटला आणि त्याने आपण लीड वाजवतो असं सांगितलं, की हे "असं का, बरं" म्हणत. ते 'बरं' ऐकून एक जण बँड सोडून गेला होता.

वाजवण्याआधी ते क्लबच्या बेसिनवर जाऊन दात घासत. ब्रश कोटाच्या वरच्या खिशात, पेनाशेजारी. शनिवारी दुपारपासून गोड खात नसत. त्यांच्या बँडमध्ये गाण्यांना नावं नव्हती, नंबर होते. डेरिक नुसता "सतरा" म्हणे आणि सगळे सुरू होत. रणपिसे आयुष्यही तसंच सांगत. "माझं लग्न झालं तेव्हा अकरा नंबर नवीन होता." "थोरला झाला त्या वर्षी आम्ही बत्तीस बंद केला, जुना ट्रम्पेटवाला गेल्यामुळे." त्यांची बायको शकुंतलाबाई बोलायला फटकळ. एकदा चहा देताना मला म्हणाल्या, "तुम्ही क्लबात पूर्ण गाणी ऐकता, नशीबवान आहात. आमच्या घरात लग्नापासून अर्धी गाणी चालू आहेत. वरचं अर्धं कुठे मिळतं ते मी अजून विचारते आहे."

"शनिवारी ये म्हटलं तर येत नाहीस," रणपिसे म्हणाले.

"शनिवारी मला शांतता मिळते."

सॅक्सोफोनच्या तोंडाला वेताची एक पातळ पट्टी लावतात, तिला रीड म्हणतात. ती ओली असावी लागते. बाकीचे लोक ती स्टेजवर बसून तोंडात धरतात. रणपिसे घरातून निघतानाच तोंडात घालत आणि बोपोडी ते कॅम्प स्कूटरवर तशीच भिजवत आणत. वाटेत कोणी भेटलं तर मान हलवायची, बोलायचं नाही.

एकदा वाकडेवाडीला मी टेम्पोत सिग्नलला थांबलो असताना पाहिलं, तर हे काळ्या कोटात रस्त्याच्या कडेला उभे आणि समोर ट्रॅफिक हवालदार.

"कुठं निघालात?" हवालदार विचारत होता. उत्तर नाही. "तोंडात काय आहे? गुटखा?"

यांनी तोंड उघडून पट्टी दाखवली.

"थुका ती."

यांनी नकारार्थी मान हलवली. हवालदाराचा चेहरा बघून मी टेम्पो कडेला घेतला आणि खाली उतरलो.

"साहेब, माझ्या ओळखीचे आहेत."

"मुके आहेत का?"

"नाही हो. बाजावाले आहेत. तोंडात बाजाची पट्टी भिजत घातलीय. आज वाजवायचंय."

हवालदाराने एकदा त्यांच्याकडे पाहिलं, एकदा माझ्याकडे, आणि लायसन परत दिलं. माझी अपेक्षा होती की निदान हात तरी जोडतील. स्कूटर सुरू करून निघून गेले. क्लबात पोहोचलो, त्यांनी पट्टी काढून वाद्याला लावली, स्क्रू आवळला आणि मग माझ्याकडे वळून पहिलं वाक्य बोलले.

"बाजावाले म्हणालात मला."

माझ्या मुलीच्या साखरपुड्याला मी हा बँड सांगितला होता. व्याही पुण्यातलेच, जुन्या पेठेतले, कशालाही चांगलं न म्हणणारे. म्हटलं, यांना काहीतरी वेगळं दाखवू. आदल्या दिवशी डेरिकला ताप आला आणि त्याच्याशिवाय बाकीच्यांनीही नको म्हटलं. रणपिशांचा फोन आला, "मी येतो. शब्द दिलाय." मला बरं वाटलं. एक सॅक्सोफोन तर एक सॅक्सोफोन, लोकांना छान वाटेल.

ते आले, काळा कोट, कडक कॉलर. दात घासले. स्टेजच्या कडेला एकटे उभे राहिले आणि त्यांनी दुसरा आल्टो वाजवला. फक्त दुसरा. वरचं गाणं नाही, नुसता टेकू. चार सूर खालचे, मग एक लांब, मग परत तेच चार. आणि मधेच थांबले. सॅक्सोफोन तोंडात, डोळे समोर, बुटाने जमिनीवर ठेका, आवाज नाही. हॉलमध्ये वाढप्यांच्या पळ्यांचा आवाज ऐकू यायला लागला. व्याह्यांच्या बहीण मला म्हणाल्या, "संपलं का? टाळ्या वाजवायच्या का?" तेवढ्यात हे पुन्हा सुरू.

मी कडेने जाऊन दबक्या आवाजात म्हणालो, "अहो, पूर्ण वाजवा की."

"पूर्णच वाजवतोय."

"मग मधे गप्प का उभे राहता?"

"तिथे ट्रम्पेट आहे."

"कुठाय ट्रम्पेट?"

"आज आला नाही. म्हणून त्याचं मी वाजवू?"

"गाणं कुठलं आहे ते तरी कळू द्या लोकांना."

"गाणं डेरिककडे आहे," ते म्हणाले, आणि त्यांनी पुढचं सुरू केलं. व्याही मला अजून अधूनमधून विचारतात, त्या गृहस्थांची तब्येत आता कशी आहे.

मग डेरिकला झटका आला. सकाळी आंघोळीला गेला तो बाथरूममध्येच पडला. उजवी बाजू गेली, बोलणं गेलं. त्याची मुलगी शर्ली त्याला खराडीला आपल्या फ्लॅटवर घेऊन गेली. डॉक्टर म्हणाले, सुधारणा होईल किंवा होणार नाही. रणपिशांनी त्यातलं पहिलंच तेवढं ऐकलं.

पुढच्या डान्सच्या शनिवारी मी डेरिकच्या खुर्चीसमोरचा माइक काढायला लागलो.

"राहू दे," रणपिसे म्हणाले.

"कोणासाठी?"

"चालू ठेवा."

मी चालू ठेवला. रिकाम्या खुर्चीसमोरचा उघडा माइक काय करतो ते आवाजाच्या धंद्यातल्यालाच माहीत. तो शेजारचं सगळं ओढतो. त्या संध्याकाळी हॉलभर रणपिशांचा श्वास ऐकू येत होता. डेरिक जिथे श्वास घ्यायचा तिथे दम धरलेला, आणि मग सोडलेला.

जलद गाण्यांत ट्रम्पेटने निभावलं. पण संथ गाण्यांत सगळं गाणं पहिल्या आल्टोकडे असतं. तिथे पियानो चालू, ड्रम चालू, दुसरा आल्टो चालू, आणि गाणंच नाही. नाचणारी म्हातारी जोडपी हळूहळू थांबली. एक पारशी गृहस्थ बायकोच्या कमरेवर हात तसाच ठेवून मधोमध उभे राहिले आणि स्टेजकडे बघत राहिले.

क्लबचे सेक्रेटरी बर्वे नावाचे गृहस्थ होते. आवाज कधी चढवायचे नाहीत, त्यामुळे मला ते अधिकच झोंबत. म्हणाले, "हटवार, आमचे मेंबर विचारत होते, स्पीकर बिघडलाय का. मी सांगितलं, स्पीकर उत्तम आहे, गाणं आणायचं राहिलंय."

"माणूस आजारी आहे हो."

"समजतं मला. म्हणून पुढच्या महिन्याचा शनिवार देतो. पहिला आल्टो कोणीतरी वाजवा. नाहीतर डीजे आणू. नाचायला लोक येतात, हजेरी लावायला नाही."

तो एक शनिवार मी त्यांच्याकडून कसा काढून घेतला ते माझं मला माहीत. ते आधी तोही द्यायला तयार नव्हते. म्हणजे गोष्ट सरळ होती. एका संध्याकाळी एका माणसाने पहिल्या खुर्चीवर बसायचं, की बँड राहतो. आणि तो माणूस स्टेजवरच होता. डेरिकचा प्रत्येक सूर इतकी वर्षं कानाशी ऐकलेला.

दुसरी सोयही होती. खराडीची केतकी, सॉफ्टवेअर कंपनीत मोठ्या हुद्द्यावर आहे, तिथल्या मुलांना स्विंग नाचायला शिकवते, स्वतः आल्टो वाजवते. ती आपणहून बोपोडीला गेली. मीही बरोबर होतो.

"काका, फर्स्ट मी वाजवू का? डेरिक अंकल येईपर्यंत. जस्ट टेम्पररी."

"खुर्ची रिकामी नाही, बाळ."

"पण ते आत्ता नाहीयेत ना काका."

"तो दारातून आत आला आणि त्याला तू बसलेली दिसलीस, तर तो तसाच परत जाईल. हसेल, हात हलवेल, आणि जाईल. पुन्हा यायचा नाही. मी ओळखतो त्याला."

शकुंतलाबाई आतून म्हणाल्या, "अहो, त्याला उभं राहता येत नाही अजून."

रणपिशांनी ऐकलं नाही असं दाखवलं.

त्या शनिवारच्या आधी ते मला मंडईत भेटले. मी मटारवाल्या मावशींशी भाव करत होतो, निम्म्यावर आणत आणला होता. हे आले, त्यांनी भाव विचारला, मावशींनी सांगितला तेवढ्याला घेतला आणि पिशवी पुढे केली. माझं सगळं केलेलं मातीत.

"अहो, मागेल तेवढं देता?"

"त्यांनी विचार करूनच सांगितलं असेल."

मी मटार तिथेच सोडले. "रणपिसे, शनिवारी पहिला तुम्ही वाजवा. तुम्हाला येत नाही असं मला सांगू नका."

"येतो."

"मग?"

"येतो म्हणून माझा होत नाही."

"एकच शनिवार. डेरिक बरा झाला की उठा. मी स्वतः खुर्ची पुसून त्याला बसवतो."

"मी बसलो तर तो यायचा नाही हे मनातून मान्य केलं असं होईल."

"आणि नाही बसलात तर तो बरा होऊन येईल तेव्हा हॉलमध्ये डीजे असेल. मग कुठल्या खुर्चीवर बसवणार त्याला?"

ते गप्प झाले. मला वाटलं, जमलं. समोरचा माणूस गप्प झाला की व्यवहार होतो, हा माझा अनुभव. मग ते पिशवी या हातातून त्या हातात घेत म्हणाले, "हटवार, तुम्हाला फक्त भाव कळतो."

मावशींच्या देखत म्हणाले. मी ओरडलो. भाव कळतो म्हणून तुमचा बँड इतकी वर्षं त्या हॉलात उभा राहिला, नाहीतर तुम्हाला कधीच बाहेर काढला असता, असं काय काय म्हणालो. आजूबाजूचे गाळेवाले बघायला लागले. ते माझं पूर्ण होईपर्यंत थांबले, आणि "येतो" म्हणून गेले. माझ्या म्हणण्यात खोटं काय होतं, हे मला आजही कोणी सांगावं.

शनिवारी ते दुसऱ्या खुर्चीवर बसले. पहिली रिकामी. मी माइक चालू ठेवला होता, आशेने. डेरिकचा लाडका अकरा नंबर सुरू झाला आणि पुन्हा तेच, खालचे चार सूर आणि एक लांब. यावेळी नाचणारे वाट बघत थांबलेही नाहीत, सरळ टेबलांकडे गेले. मधोमधची फरशी रिकामी झाली. रणपिसे शेवटच्या सुरापर्यंत वाजवत राहिले, आपल्याला नेमून दिलेलं सगळं.

बर्वे माझ्याजवळ आले. "पुढच्या महिन्यापासून डीजे. स्पीकर तुमचेच लागतील, हटवार. तुमचं नुकसान काही नाही."

त्या वाक्याचं मी काय करू ते मला अजून सुचलेलं नाही. मी वायरी गोळा केल्या. रणपिसे स्टेजवर सॅक्सोफोन पुसत होते. मी त्यांच्याशी बोललो नाही, तेही बोलले नाहीत. नंतर पावसाळा गेला तरी बोललो नाही.

मग एक दिवस केतकी दुकानात आली. म्हणाली, "काका, आम्ही खराडीत एक हॉल फायनल केलाय. दर महिन्याला लाइव्ह बँड. बँडमधले सगळे यायला रेडी आहेत. फक्त रणपिसे काका हवेत. फर्स्ट त्यांनी वाजवला तर बेस्टच, नाहीतर मला बसू देत. तुम्ही बोला ना. तुम्ही सगळ्यांना पटवता."

सगळ्यांना पटवतो, एक सोडून. तरी मी फोन केला. शकुंतलाबाईंनी उचलला. "आज गुरुवार. गुरुवारी ते खराडीला असतात. डेरिकला आजारपण आल्यापासून. स्कूटर झेपत नाही आता, बस बदलत जातात."

मला हे माहीत नव्हतं. मी तसाच निघालो.

शर्लीने दार उघडलं. मला ओळखलं. हळू आवाजात म्हणाली, "बसा अंकल. आत चालू आहे." तिने पुढचं सांगितलं ते असं. डेरिकला बोलता येत नव्हतं, पण चाल गुणगुणता येत होती. असं होतं म्हणे, शब्द जातात आणि सूर राहतात. दर गुरुवारी हे यायचे, सॅक्सोफोनच्या कर्ण्यात मोजा कोंबायचे म्हणजे शेजाऱ्यांना त्रास नको, आणि नंबर सांगायचे. पपा खुर्चीत बसून पहिला आल्टो गुणगुणायचे आणि हे खाली दुसरा वाजवायचे. "पण गेले काही गुरुवार पपा गातच नाहीत," ती म्हणाली. "अंकल वाजवत बसतात, वाट बघतात, आणि जातात." तेवढ्यात खालून पार्सलवाल्याचा फोन आला आणि ती लिफ्टने खाली गेली.

मी पॅसेजमध्ये बसलो. आतल्या खोलीचं दार अर्धं उघडं होतं. रणपिशांची पाठ दिसत होती, आणि चाकाच्या खुर्चीतल्या डेरिकचा खांदा.

"डेरिक. अकरा."

दुसरा आल्टो सुरू झाला. थोडा वेळ गेला आणि थांबला.

"अकरा, डेरिक. सावकाश."

पुन्हा सुरू, पुन्हा थांबला. डेरिक खिडकीकडे बघत होता. बाहेर नव्या टॉवरची क्रेन होती.

"बरं," रणपिसे म्हणाले. "मी सुरुवात करून देतो. तू पुढे घे."

आणि त्यांनी पहिला आल्टो वाजवला.

मी आवाजातला माणूस आहे. डेरिकचा आवाज मी इतक्या शनिवारी माझ्या मशीनवर ऐकला, हाताखाली ठेवला. तो लांब सुरावर नेहमी जरासा उशिरा यायचा, खालून घसरत. दोन ओळींमध्ये श्वास लवकर घ्यायचा, घाई असल्यासारखा. ओळीच्या शेवटी सूर सोडताना तो किंचित हलायचा. ते सगळं त्या खोलीतून येत होतं. मोज्यातून दबून आलं तरी तेच. मी उठून उभा राहिलो. हाच तो आवाज, ज्यासाठी मी मंडईत घसा फोडला होता.

बाहेरचं दार धाडकन उघडलं. शर्ली हातात पार्सल, पायात चपला तशाच, धावत आत आली आणि माझ्या अंगावरून खोलीच्या दारात गेली.

"पपा?"

रणपिशांनी मान वळवली. तिने पाहिलं, सॅक्सोफोन कोणाच्या हातात आहे ते. तिचा चेहरा मी पाहिला नाही, मी तिच्या मागे होतो. रणपिशांचा पाहिला. त्यांनी वाजवणं अर्ध्यात सोडलं. त्यांना अर्ध्यात सोडताना मी प्रथमच पाहत होतो.

"सॉरी, बेबी," ते म्हणाले.

डेरिकने खिडकीवरून नजर काढली नाही. शर्ली पलंगाच्या कडेवर बसली, पार्सल मांडीवर धरून. रणपिसे वाद्याची पट्टी सोडवायला लागले होते.

"अंकल, परत वाजवा ना."

त्यांनी मान हलवली.

"एकदाच."

"ते माझं नाही, बेबी."

"माहितीये," ती म्हणाली. "म्हणूनच."

त्यांचे हात थांबले. त्यांनी डेरिककडे पाहिलं, बराच वेळ, त्याच्या खांद्याकडे. मग मोजा काढला, त्याची घडी घातली, सॅक्सोफोन पेटीत ठेवला आणि पेटी बंद केली. शर्ली रडत होती, तिला काही न म्हणता त्यांनी तिच्या डोक्यावर हात ठेवला आणि बाहेर आले. मला पाहून त्यांना आश्चर्य वाटलं असेल तर ते दिसलं नाही.

"काही काम होतं?" लिफ्टमध्ये त्यांनी विचारलं.

केतकीचा हॉल, दर महिन्याचा बँड, सगळं माझ्या तोंडात होतं. "नाही," मी म्हणालो. "इकडे आलो होतो."

मी आयुष्य घासाघिशीत काढलं. नाही म्हणणारे खूप पाहिले. त्यांच्याकडे माल नसतो, किंवा त्यांना जास्त हवं असतं. या माणसाकडे होतं. ती पोरगी बापाचा आवाज मागत होती, आणि जगात तो फक्त यांच्याकडे उरला होता, आणि हे पेटी बंद करून उठले. एकदा द्यायला काय हरकत होती? डेरिक गेला तेव्हाही माझ्या मनात पहिलं हेच आलं, आणि हे गेले तेव्हाही हेच. माझा राग गेलेला नाही.

बस आली. मी टेम्पोने सोडतो म्हणालो, नको म्हणाले. चढले, खिडकीजवळ बसले. पेटी मांडीवर आडवी घेतली आणि तिच्या झाकणावर दोन्ही हात दाबून ठेवले, जसं काही ते आतून उघडेल. बस वळेपर्यंत त्यांनी हात काढले नव्हते.